जॅझची जत्रा



गावची जत्रा आपणांस ठाऊकच आहे. सकाळी पालखी निघते, दुपारी कुस्त्यांचा फड लागतो, आणि रात्री तमाशाची कनात उभी राहते. यांतला कुस्त्यांचा फड क्षणभर डोळ्यांपुढे आणा. गावच्या तालमीतले पैलवान त्यात असतातच. परंतु बाहेरगावचा कोणी नाणावलेला मल्ल येणार असे कळले की पंचक्रोशी लोटते. आपला पैलवान आणि तो पाहुणा हे पूर्वी एकमेकांना भेटलेलेही नसतात. तरी सलामी झडते, हाताला हात लागतो आणि कुस्ती सुरू होते. डाव काय, चीत म्हणजे काय, हे कोणी कोणाला समजावत बसत नाही. तांबड्या मातीत उतरलेल्या दोघांनाही ते ठाऊक असते.

मोठ्या शहरांतून शनिवार-रविवार साधून जे जॅझ संगीताचे महोत्सव भरतात, त्यांचे पुष्कळसे असेच असते. फरक एवढाच की तेथे कोणाची पाठ लागत नाही.

हा विषय मी आज निवडला त्याला कारण घडले एका गुरुजींचे. मी इतिहासाचा मास्तर. गाण्यातला जाणकार नव्हे, केवळ हौशी ऐकणारा. मध्यंतरी एका शिक्षक-शिबिरात जेवणाच्या पंगतीला शेजारी बसलेल्या या गुरुजींनी विचारले, “साहेब, पेपरात बातमी येते, की अमुक ठिकाणी दोन दिवसांचा जॅझ महोत्सव, स्थानिक व परदेशी कलावंतांचा सहभाग. आता मला सांगा, सकाळी विमानातून उतरलेला माणूस संध्याकाळी इथल्या वादकांबरोबर वाजवतो कसा? तालीम केव्हा करतात?” मी उत्तर देऊ लागलो तोच त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, “आणि हे ‘स्थानिक’ म्हणजे नेमके कोण हो? परदेशी माणसाचे नाव ठळक छापतात, पण स्थानिकांचे नावच नसते कुठे!”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पंगतीतच दिले. दुसऱ्याचे मात्र नीट देता आले नाही. आज दोन्ही देण्याचा प्रयत्न करतो.

आधी हे संगीत आले कुठून ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. या शहरात काँगो स्क्वेअर नावाचे एक पटांगण होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलेबाळे रविवारी तेथे जमत, बाजार मांडत, ढोल वाजवत आणि नाचत. आठवड्याचे सहा दिवस मालकाचे, आणि एक दिवस, तोही दुपारपुरता, आपला! १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी गेली. त्यानंतरच्या पिढीने लष्करी बँडची पितळी वाद्ये हाती घेतली. चर्चमधली भजने, शेतात राबताना म्हटलेली गाणी, आफ्रिकेची लय आणि युरोपची वाद्ये यांचा मिलाफ होत होत १९०० सालच्या आसपास जे संगीत आकाराला आले, त्याला पुढे जॅझ हे नाव पडले. न्यू ऑर्लिन्सला मयताबरोबरही बँड चाले, बरं का. दफनभूमीकडे जाताना संथ भजन, आणि परत येताना तेच वादक ठेका धरायला लावणारे वाजवीत.

शनिवार-रविवारच्या महोत्सवाची रीत मात्र बरीच अलीकडची आहे. १९५४ साली, जुलैच्या १७ आणि १८ तारखेला, म्हणजे शनिवारी आणि रविवारी, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावी टेनिसच्या क्लबाच्या हिरवळीवर असा महोत्सव भरला. न्यूपोर्ट हे समुद्रकाठचे, धनिकांच्या उन्हाळी बंगल्यांचे गाव. तेथील एक श्रीमंत जोडपे, लोरिलार्ड, यांनी पैसा उभा केला, आणि जॉर्ज वाइन नावाच्या तरुण पियानोवादकाने जुळवाजुळव केली. तोवर जॅझ वाजे तो रात्री, धुराने भरलेल्या लहान खोल्यांत किंवा नाचाच्या हॉलमध्ये. लोक पीत, बोलत, नाचत, आणि मध्ये कोठेतरी वादक वाजवत असत. उघड्या आभाळाखाली, खुर्च्या मांडून, केवळ ऐकण्यासाठी माणसे जमवावीत, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. पुढे जगभर निघालेल्या अशा महोत्सवांपुढे कित्ता राहिला तो बव्हंशी याच न्यूपोर्टचा.

आता गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. सकाळी आलेला पाहुणा संध्याकाळी वाजवतो कसा?

उत्तर असे, की पाहुणा आणि यजमान यांना एक मोजलेली चौकट ठाऊक असते. आपल्याकडे हरिनाम सप्ताहात परगावचा पखवाजवाला भजनाला बसतो. त्याने या मंडळींबरोबर कधी तालीम केलेली नसते. पण अभंगाची चाल ओळखीची, ठेका ओळखीचा. बस्स, तेवढ्यावर तो रात्र जागवतो. जॅझमध्ये ‘ब्लूज’ नावाची अशीच एक चौकट आहे. ती इतकी सोपी आहे, की आपण शाळेतल्या पेटीवर उद्याच वाजवून पाहू शकाल. (गंमत पाहा. १९४० पासून सुमारे तीस वर्षे याच आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. आज तिथूनच मी आपणांस पेटी उघडा म्हणून सांगतो आहे.)

कोणताही सा धरा. सा, ग, प हे तिन्ही शुद्ध स्वर एकदम दाबा. तीन स्वरांच्या अशा एकत्र नादाला ‘कॉर्ड’ म्हणतात. याला आपण ‘सा-चे घर’ म्हणू. तसेच म, ध आणि वरचा सा हे ‘म-चे घर’; प, नी आणि वरचा रे हे ‘प-चे घर’. आता चार-चार मात्रांचे बारा खंड मोजायचे. पहिले चार खंड सा-च्या घरात राहा. पाचवा आणि सहावा म-च्या घरात. सातवा, आठवा पुन्हा सा-कडे. नववा खंड प-चा, दहावा म-चा, आणि अकरावा-बारावा परत सा-चा. झाला एक फेरा. बारा चोक अठ्ठेचाळीस मात्रा. त्या संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

वर्गातल्या मुलांचे दोन गट करा. एका गटाने मोठ्याने खंड मोजावेत, दुसऱ्याने टाळ्या द्याव्यात. टाळी देताना एक लक्षात ठेवा. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. येथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. पहिली मात्रा मोकळी सोडायची. हे मुलांना एकदम साधत नाही. मला स्वतःला दोन दिवस लागले, आणि घरच्या मंडळींनी त्या दोन दिवसांत काय काय ऐकवले ते येथे सांगण्याजोगे नाही.

आपल्या रागसंगीतात तंबोऱ्याचा सा अढळ असतो. त्या एका खांबाभोवती गवई हिंडतो. जॅझमध्ये खालची जमीनच ठरावीक वेळी बदलते. वादकाने आपल्या मनचे स्वर वाजवायचे, पण जमीन कधी सरकणार ते ध्यानात ठेवून. म-चे घर आले असता सा-च्या घरातला ग दामटून वाजवला तर तो खुपतो. जाणून खुपवला तर तोच गोड लागतो. यात आणखी एक मेख आहे. पेटीच्या घरात शुद्ध ग असताना वर वाजवणारा मुद्दाम कोमल गंधाराकडे झुकतो, कधी दोहोंच्या मधल्या जागी जातो. ती जागा पेटीला देता येत नाही. सॅक्सोफोनला येते, आणि माणसाच्या गळ्याला तर येतेच. ब्लूजमधली ती कळ आहे ना, ती त्या मधल्या जागेत आहे.

वाद्यांची मांडणीही समजून घ्या. मागे तिघे असतात. ड्रम वाजवणारा, माणसाहून उंच असे बास नावाचे तंतुवाद्य छेडणारा, आणि पियानोवाला. ही आपल्या भाषेत साथ. पुढे ट्रंपेट, सॅक्सोफोन अशी फुंकीची वाद्ये. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक जण पुढे येऊन त्याच चौकटीवर आपले काही बोलतो. कोणी दोन फेरे घेतो, कोणी दहा. कधी दोघे चार-चार खंड वाटून घेतात, म्हणजे आपला सवाल-जवाबच. शेवटी मूळ चाल पुन्हा एकदा, की झाले. म्हणून पाहुण्याला इतकेच सांगावे लागते, “ब्लूज, सा अमुक पट्टीचा, लय अशी.” तो पायाने मोजतो, आणि चार मात्रांनंतर सगळे एकदम उडी घेतात. कागदावर लिहिलेल्या मोठ्या रचनांना तालीम लागतेच; मी सांगतो आहे ते या मोकळ्या वाजवण्याबद्दल. बत्तीस खंडांचीही एक चौकट फार चालते, पण बारा समजले की ती समजायला वेळ लागत नाही.

या बारा खंडांत केवढी ताकद आहे हे जगाला दिसले ते त्याच न्यूपोर्टला, ७ जुलै १९५६च्या शनिवारी रात्री. ड्यूक एलिंग्टन यांचा मोठा वाद्यवृंद होता. एलिंग्टन हे थोर रचनाकार. पण त्या वर्षांत त्यांचा काळ सरला असे पुष्कळ जण म्हणत होते. रात्र बरीच झाली होती, आणि काही प्रेक्षक घराकडे निघालेही होते. एलिंग्टन यांनी स्वतःच्या १९३७ सालच्या दोन रचना काढल्या. दोन्ही ब्लूजच्या चौकटीतल्या. दोहोंच्या मधली जागा भरण्यासाठी त्यांनी सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांना पुढे केले, आणि मनाला येईल तितके वाजवण्याची मोकळीक दिली.

गोन्साल्विस यांनी सत्तावीस फेरे घेतले. सत्तावीस गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे १,२९६ मात्रा, अखंड. पाठीशी बास, ड्रम, आणि अधूनमधून खुद्द एलिंग्टन यांचा पियानो. जो जोन्स हे नामांकित ड्रमवादक मंचाखाली उभे होते; ते वर्तमानपत्राची गुंडाळी करून मंचाच्या कडेवर ठेका आपटू लागले. प्रेक्षकांतली एक बाई उठून नाचू लागली. घराकडे निघालेली माणसे परत फिरली, खुर्च्यांवर चढली. आपल्याकडे शाहीर रंगात आला म्हणजे मागची माणसे पुढे सरकतात, तसेच ते. एलिंग्टन यांचे दिवस त्या रात्रीपासून पालटले.

आपण रेडिओ ऐकणारी माणसे, म्हणून यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मंचावर त्या रात्री दोन वेगळे मायक्रोफोन होते. एक रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा, दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओचा. गोन्साल्विस चुकून रेडिओच्या मायक्रोफोनपुढे उभे राहिले. त्यामुळे त्या वर्षी निघालेल्या रेकॉर्डमध्ये त्यांचा सॅक्सोफोन दुरून आल्यासारखा, दबका ऐकू येतो. पुढे चाळीस वर्षांनी रेडिओची ती फीत हाती लागली, आणि १९९९ साली दोन्ही ध्वनिमुद्रणे जुळवून नवी आवृत्ती काढण्यात आली. तेव्हा कोठे तो माणूस नीट ऐकू आला! स्वतः गोन्साल्विस तोवर हयात नव्हते.

गोन्साल्विस हे आडनाव ऐकून आपल्यापैकी कोकण-गोव्याकडच्या मंडळींचे कान टवकारले असतील. यांचे आईवडील केप व्हर्डे बेटांकडचे. ती बेटेही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. नावाचा धागा तेवढाच. तथापि त्याच धाग्याला धरून मी आता मुंबईत येतो, कारण गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

मुंबईला जॅझ आला तो पाहुण्यांबरोबर. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबे यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड वाजला. त्यामागून टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. ते हिंदुस्थानातच रमले आणि १९४५ साली कलकत्त्याला वारले. या मंडळींशेजारी बसून, त्यांचे ऐकून, त्यांच्या बँडांत जागा मिळवून जे शिकले, ते मुख्यतः गोव्याचे वादक. त्यांची तयारी आधीच झालेली होती. गोव्यात चर्चला जोडलेल्या गावशाळांतून मुलांना पोर्तुगीज काळात स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हाती देत. शेतकऱ्याचा मुलगा कागदावरचे टिपके पाहून सूर काढी. अशी मुले पोटासाठी मुंबईला येत आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये उतरत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. ट्रंका, खाटा, देव्हारा आणि गावची भाषा.

त्यांतलेच एक हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. मुंबईत त्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत. ट्रंपेट वाजवत, आणि लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीने गातसुद्धा. १९४७ नंतर हॉटेलांतला गोरा गिऱ्हाईक गेला, १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला, नाचघरांची रया गेली. वादकांपैकी पुष्कळांनी सिनेमाच्या स्टुडिओचा रस्ता धरला. तेथे त्यांची गाठ पडली आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या माणसाशी, म्हणजे सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांच्याशी. मास्टर भगवान यांचा १९५१ सालचा ‘अलबेला’ आठवा. त्यातल्या नाचाच्या गाण्यांत चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. आज आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत ज्या गाण्यांवर माणसे भगवानदादांसारखे खांदे हलवतात, त्यांच्यामागे ही जॅझवाली मंडळी आहेत. कित्येकांना हे ठाऊक नसते.

ठाऊक नसते, कारण नाव नसते. संगीत दिग्दर्शक चाल बांधी. वाद्यमेळ कोणता, कोणत्या कडव्यामागे व्हायोलिने यावीत, कोठे ट्रंपेट उसळावे, हे स्वरलिपीत उतरवून देणारा माणूस बहुधा गोव्याचा असे, आणि पडद्यावर त्याचे नाव एक तर नसे किंवा ‘सहायक’ म्हणून सरकून जाई. वाजवणाऱ्यांची गोष्टच नको. दिवसाच्या मजुरीचे पाकीट घेतले आणि लोकल पकडली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच एक व्हायोलिनवादक व वाद्यमेळ-रचनाकार. प्यारेलाल यांचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले आणि ते देशभर पोहोचले. पण लोकांना वाटले, हे काल्पनिक पात्र! याच गोन्साल्विस यांनी १९५८ साली, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, रागांवर बांधलेल्या आपल्या वाद्यवृंद-रचना मोठा ताफा जमवून स्वतःच्या नावाने सादर केल्या होत्या. त्याची आठवण किती जणांना असेल?

त्याच कॉलेजच्या मागल्या अंगाला रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह आहे. १९७८च्या फेब्रुवारीत तेथे ‘जॅझ यात्रा’ भरली. निरंजन झवेरी हे तिचे प्रवर्तक. ही केवळ शनिवार-रविवारपुरती नव्हती, बऱ्याच संध्याकाळी चालली. पण मांडणी तीच. एकाच मंचावर परदेशचे पाहुणे आणि इथले वादक. आणि नाव पाहा काय दिले: यात्रा! झवेरी यांना आपला शब्द नेमका सुचला. मी त्या वेळी जन्मलोही नव्हतो. त्यामुळे ऐकल्या-वाचल्यावरच हे सांगतो आहे.

पाहुण्यांत सर्वांत मोठे नाव सॉनी रोलिन्स यांचे. जन्म १९३०, सॅक्सोफोनवादक. या माणसाची गोष्ट आपल्या रियाज करणाऱ्या पोरांना जरूर सांगावी. १९५९ साली, कीर्ती ऐन भरात असताना, ‘मला अजून येत नाही’ असे ठरवून ते मंचावरून उतरले. घरी वाजवावे तर शेजाऱ्यांना त्रास. म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन, खालून नदी आणि बाजूने आगगाडी जात असता, ते तासन्‌तास वाजवत. असे सुमारे दोन वर्षे चालले. पुढे १९६७-६८च्या सुमारास ते पुन्हा असेच थांबले, आणि आले कोठे? तर मुंबईच्या पवई येथील आश्रमात, योग आणि वेदान्त शिकायला. म्हणजे १९७८ साली रंगभवनात उभा राहिलेला हा पाहुणा एका अर्थी अर्धा घरचाच होता.

इथल्या जॅझवाल्यांचे म्होरके म्हणावेत असे दोघे: गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस, सॅक्सोफोनवादक, आणि दार्जिलिंगकडून कलकत्त्यामार्गे मुंबईला आलेले पियानोवादक लुईस बँक्स. ब्राझ यांनी रागाचे स्वर आणि जॅझची चौकट यांची सांगड घालण्याचा खटाटोप फार आधीपासून चालवला होता. पुढे या दोघांनी बंगळूरच्या गायिका रमामणी यांना बरोबर घेऊन ‘जॅझ यात्रा’ याच नावाचा ताफा बांधला, आणि तो युरोपात वाजवून आला. तेथे मात्र हे पाहुणे, आणि स्थानिक ते दुसरे.

आता माझे एक मत सांगतो, पटेल न पटेल. अशा महोत्सवांत स्थानिक वादकांना पुष्कळदा अगदी सुरुवातीची वेळ देतात. ऊन उतरलेले नसते, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, ध्वनिक्षेपकाची खुडबूड चाललेली. मग दिवे लागल्यावर पाहुणा. हे मला पसंत नाही. कुस्त्यांच्या फडात गावचा चांगला पैलवान शेवटच्या जोडीसाठी राखून ठेवतात. खडीसाखरेच्या कुस्तीला लहान पोरे उतरतात. सिनेमाच्या स्टुडिओत आठवडाभर दुसऱ्याच्या चालीत आठ-आठ सुरांचे तुकडे वाजवणारा माणूस, त्या एका संध्याकाळी आपले स्वतःचे बारा खंड घेऊन उभा राहतो. काँगो स्क्वेअरच्या रविवारची मला येथे आठवण होते. त्याचे नाव पत्रकावर ठळक छापले पाहिजे, आणि त्याला ऐकायला माणसे आलेली असताना उभे केले पाहिजे. खर्च काही वाढत नाही.

रंगभवन आता त्या कामाचे राहिलेले नाही. जवळ इस्पितळे, कॉलेज, कोर्ट. शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तेथील मोकळ्या हवेतले संगीताचे जलसे बंद पडले. नियमाला दोष देता येत नाही. रोग्याला झोप हवीच. पण धोबीतलावच्या कुडांतून चालत पाच-दहा मिनिटांवर असलेला तो मंच गेला, हेही खरे.

जाता जाता आमच्या तालुक्याच्या गावची एक हकीकत. तेथे लग्नाचा एक बँड आहे. त्यात क्लॅरिनेट वाजवणारे म्हातारे मास्तर आहेत. पन्नासेक वर्षे वरातींपुढे चालले. ‘अलबेला’च्या चाली त्यांच्या बोटांत आहेत. मी एकदा त्यांना घरी बोलावले आणि न्यूपोर्टचे ते सत्तावीस फेऱ्यांचे वादन, १९९९ सालचे स्वच्छ मुद्रण, ऐकवले. जॅझ, ब्लूज, काहीच सांगितले नाही. मास्तर चहाची बशी हातात धरून ऐकत होते. दोन फेरे झाले, तीन झाले. चौथ्याला त्यांनी बशी खाली ठेवली आणि गुडघ्यावर बोटे मोजू लागले. पाचव्या फेऱ्यात, आठवा खंड संपायच्या जरा आधी, त्यांनी माझ्याकडे न पाहताच हात वर केला आणि म्हणाले, “आता वळणार बघा.” आणि चाल वळली.

मग म्हणाले, “हा कोण वाजवतोय? नाव काय याचं?”

मी नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा घोकले, आणि उरलेले बावीस फेरे डोळे मिटून ऐकले.